‘दॅन’ की ‘देन’? वारंवार होणारी एक चूक आणि ती पकडायची पद्धत

अर्ज लिहून होतो, दोनदा वाचून होतो, कुठेही लाल रेघ नसते, आणि तो पाठवला जातो. उघडणाऱ्याला पहिल्याच परिच्छेदात दिसतं : ‘आय हॅव मोअर देन थ्री इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स’. इथे ‘दॅन’ हवं होतं, ‘ए’ अक्षराचं. पडलं ‘देन’, ‘ई’ अक्षराचं. पुढची दोन पानं चांगली असली तरी वाचणाऱ्याची नजर तिथे एकदा अडखळलेली असते.

मी पुण्यात, पेठेत, इंग्रजी शिकवते. एमपीएससीसाठी गावाहून येऊन अभ्यासिकेत बसणारी मुलं येतात, हिंजवडीत पहिली नोकरी धरलेली येतात, चाकणच्या कारखान्यातून सुपरवायझरच्या बढतीसाठी मुलाखत द्यायची म्हणून येणारेही असतात. तिघांच्या वह्यांत ही चूक सारखीच सापडते. अर्थ विचारला की मात्र कुणी चुकत नाही. दॅन म्हणजे पेक्षा, देन म्हणजे मग. सातवीतलं पोरही सांगतं. तरीही लिहिताना हात घसरतो, सांगितल्यावर सुधारतो आणि आठवड्याने पुन्हा घसरतो.

म्हणून अर्थ पुन्हा समजावून ही चूक जात नाही, असं माझं ठाम मत आहे. ज्याला अर्थ आधीच ठाऊक आहे त्याला अर्थ सांगून काय होणार? लिहून झाल्यावर ती नेमकी कुठे आणि कशी पकडायची, हे हाताला लावून घ्यावं लागतं.

चूक टिकून का राहते

पहिलं कारण कानाचं. सुटं उच्चारलं तर ‘दॅन’ आणि ‘देन’ वेगळे ऐकू येतात. पण बोलण्याच्या ओघात इंग्रजी माणूस ‘दॅन’ पूर्ण म्हणतच नाही. ‘मोअर दॅन’चं ‘मोअर दन’ होतं, स्वर जवळजवळ गिळला जातो. सिनेमा, मॅच, ऑफिसचा कॉल यांतून आपल्या कानावर पडतं ते हे ‘दन’. त्यावरून मधलं अक्षर ‘ए’ आहे की ‘ई’, याचा काहीच पत्ता लागत नाही. कानावर विसंबून लिहिणारा इथे हमखास फसतो, आणि इंग्लंड-अमेरिकेत जन्मलेली माणसंही याच कारणाने ही चूक करतात. तेव्हा आपलं इंग्रजी कच्चं म्हणून हे होतं, असं मनाला लावून घेऊ नका.

दुसरं कारण यंत्राचं. लाल रेघ स्पेलिंग चुकलं तरच येते, आणि ही दोन्ही स्पेलिंगं बरोबर आहेत. काही प्रोग्रॅम व्याकरणही तपासतात आणि ‘मोअर देन’खाली निळी रेघ ओढतात. पण वाक्य जरा लांबलं की त्यांच्याही हातून निसटतं, आणि कधी कधी बरोबर वाक्यालाच ती रेघ येते. मोबाइलवर दोन्ही शब्द सूचना म्हणून शेजारी शेजारी येतात. घाईत अंगठा कुठल्याही एकावर पडतो.

तिसरं कारण आपल्या मराठीचं. त्यावर मात्र थांबून बोलायला हवं, कारण चूक तिथून येते आणि उपायही तिथेच आहे.

पुढचा शब्द उचला, त्याला ‘पेक्षा’ चिकटवा

मराठीत ‘पेक्षा’ नामाच्या मागून येतं. ‘मुंबईपेक्षा पुणं थंड आहे.’ इंग्रजीत क्रम उलटा होतो : ‘पुणे इज कूलर दॅन मुंबई’. ज्याच्याशी तुलना करायची ते मुंबई ‘दॅन’च्या पुढे गेलं. आपण मनात मराठी वाक्य धरून इंग्रजी लिहितो, तेव्हा ‘पेक्षा’ची जागा हरवते. ‘कूलर’पर्यंत आलेला हात पुढे जोडणारा काहीतरी शब्द हवा म्हणून सवयीने ‘देन’ टाकून मोकळा होतो.

तपासणी अशी करा. जिथे शंका आहे तिथे त्या शब्दाच्या पुढचं पद उचला आणि त्याला ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ लावून मराठीत म्हणा. ‘मोअर … थ्री इयर्स’ : तीन वर्षांपेक्षा जास्त, तीन वर्षांहून अधिक. बसलं, म्हणून ‘दॅन’. आता त्याच अर्जातलं दुसरं वाक्य घ्या : ‘फर्स्ट आय वर्क्ड इन भोसरी, … इन चाकण’. चाकणपेक्षा? काही अर्थ लागत नाही. मग चाकणला. म्हणून ‘देन’.

‘मग’, ‘नंतर’, ‘तेव्हा’, ‘त्या वेळी’, ‘तोवर’, आणि ‘जर’च्या जोडीने येणारं ‘तर’, हा सगळा गोतावळा ‘देन’चा. ‘इफ इट रेन्स, देन वी विल टेक द बस.’ पाऊस आला तर बसने जाऊ. ‘सिन्स देन’ म्हणजे तेव्हापासून, ‘बाय देन’ म्हणजे तोपर्यंत, ‘नाऊ अँड देन’ म्हणजे अधूनमधून. यांत ‘पेक्षा’ लावून पाहिलं तर लगेच हास्यास्पद होतं. हास्यास्पद झालं की उत्तर मिळालं.

‘ऐवजी’चा अर्थ असेल तिथेही हीच परीक्षा चालते. आपण म्हणतोच ना, ‘रिक्षात बसण्यापेक्षा चालत गेलेलं बरं’. तुलना दिसत नसली तरी ‘पेक्षा’ आहे, म्हणून इंग्रजीतही ‘दॅन’ : ‘रादर दॅन’. हे ‘रादर’ मुळात जुन्या इंग्रजीतल्या ‘लवकर’ अशा अर्थाच्या शब्दाचं तुलनेचं रूप आहे, त्यामुळे ‘दॅन’शी त्याचं नातं पिढीजात आहे. इथे चुकलं तर वाक्य उलटंच होतं. ‘आय वुड रादर वेट दॅन टेक अ रिक्षा’ म्हणजे रिक्षा करण्यापेक्षा मी थांबेन. ‘दॅन’चं ‘देन’ केलंत की त्याच वाक्याचा अर्थ होतो : मी आधी थांबेन आणि मग रिक्षा करेन. ऐकणारा रिक्षा बोलावून ठेवेल.

डावीकडे पाहा, उजवीकडेही पाहा

मराठीत जाऊन यायला वेळ नसेल, परीक्षेत घड्याळ पळत असेल, तर दोन नजरा टाका.

‘दॅन’च्या डावीकडे तुलनेचं रूप असावं लागतं : शेवटी ‘ई-आर’ असलेला शब्द, किंवा ‘मोअर’, ‘लेस’, ‘रादर’, ‘अदर’ यांतला एखादा. आणि उजवीकडे प्रतिस्पर्धी असावा लागतो, म्हणजे ज्याच्याशी तुलना चालली आहे ते. दोन्ही बाजू भरलेल्या असतील तरच ‘दॅन’.

बहुतेक जण फक्त डावीकडे बघायला शिकतात आणि तिथेच अडकतात. हे वाक्य पाहा : ‘पुणे वॉज स्मॉलर देन.’ डावीकडे ‘स्मॉलर’ आहे, पण उजवीकडे पूर्णविराम. कुणाहून लहान ते सांगितलेलंच नाही. वाक्याचा अर्थ ‘पुणं तेव्हा लहान होतं’, आणि ‘देन’ अगदी बरोबर आहे. १९६१ सालच्या जुलैत पानशेत फुटलं त्या काळाबद्दल कुणी आजोबांची आठवण इंग्रजीत लिहून काढत असेल, तर अशी वाक्यं पानोपानी येणार : तेव्हा रस्ते मोकळे होते, तेव्हा झाडं जास्त होती. ‘देअर वेअर मोअर ट्रीज देन.’ इथे ‘मोअर’ दिसलं म्हणून कुणी ‘दॅन’ केलं तर वाक्य अधांतरी लटकतं. वाचणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो.

यावरून एक इशारा. ‘शोधा आणि सगळीकडे बदला’ ही सोय या दुरुस्तीसाठी वापरू नका. दहा पानांच्या अहवालात ‘मोअर देन’ सगळीकडे एका झटक्यात बदललं, तर नऊ चुका सुधारतील आणि एक बरोबर वाक्य बिघडेल. बिघडलेलं वाक्य नंतर सापडणं फार कठीण, कारण ते आपण तपासलेलं आहे असं आपण धरून चाललेलो असतो. कंट्रोल-एफ दाबून नुसतं शोधा. आधी ‘ई-आर’ ही दोन अक्षरं, एक मोकळी जागा आणि ‘ई’वालं ‘देन’ असं टाका. ‘बिगर देन’, ‘बेटर देन’, ‘रादर देन’, ‘अदर देन’ एकदमच सापडतील. मग ‘मोअर देन’ आणि ‘लेस देन’. प्रत्येक ठिकाणी थांबून उजवीकडे बघा आणि हाताने बदला. यात बहुतेक चुका सापडतात, कारण उलट दिशेची चूक, म्हणजे ‘देन’च्या जागी ‘दॅन’ पडणं, मला वह्यांत पुष्कळच कमी दिसते.

ती दिसते ती एका खास जागी. आपल्याकडे बोलताना ‘त्यापेक्षा असं करू या’ म्हणून वाक्य सुरू करायची सवय आहे. त्या ‘त्यापेक्षा’चं भाषांतर करताना मुलं वाक्याच्या आरंभीच ‘दॅन’ लिहितात. नेहमीच्या इंग्रजी लेखनात वाक्य ‘दॅन’ने सुरू होत नाही, कारण डावीकडे तुलनेला काहीच उरत नाही. ‘त्यापेक्षा’ म्हणायचं असेल तर ‘इन्स्टेड’ लिहा. ‘मग’ म्हणायचं असेल तर ‘देन’ने बिनधास्त सुरुवात करा.

जिथे ‘पेक्षा’ आहे, पण ‘दॅन’ही नाही

मघाच्या परीक्षेला एक भोक आहे, आणि पेपर काढणाऱ्यांना ते बरोबर ठाऊक असतं.

‘तो माझ्यापेक्षा सीनिअर आहे.’ मराठीत ‘पेक्षा’ स्पष्ट आहे. इंग्रजीत मात्र ‘ही इज सीनिअर टू मी’. ‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’, ‘सुपीरिअर’, ‘इन्फीरिअर’, ‘प्रायर’ हे शब्द लॅटिनमधून तुलनेची रूपं म्हणूनच आले, आणि त्यांच्यामागे ‘टू’ लागतं. ऐकायला त्यांचा शेवट ‘-अर’सारखा वाटतो, पण स्पेलिंग नीट पाहा : ‘आय-ओ-आर’ किंवा ‘ओ-आर’. शेवटी ‘ओ-आर’ दिसलं की हात ‘दॅन’वरून उचलायचा. पुण्यातल्या ऑफिसांतून ‘सीनिअर दॅन मी’ इतकं सर्रास चालतं की कानाला ते खटकत नाही, पण अर्जात आणि पेपरात ते चूकच धरलं जाईल.

‘प्रिफर’ही याच वाटेने जातं. ‘मला कॉफीपेक्षा चहा आवडतो’ : ‘आय प्रिफर टी टू कॉफी’. इथे ‘दॅन’ नको आणि ‘मोअर’ही नको. पण ‘लाइक’ वापरलंत तर दोन्ही हवेत : ‘आय लाइक टी मोअर दॅन कॉफी’. एकाच मराठी वाक्याला इंग्रजीत दोन वाटा आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळल्या की चूक होते.

‘ती माझ्यापेक्षा मोठी’ म्हणताना ‘एल्डर’ वापरलंत तर गाडी अडते. ‘एल्डर’ला ‘दॅन’ लावत नाहीत. ‘शी इज ओल्डर दॅन मी’ लिहा. ‘एल्डर’ फक्त ‘माय एल्डर सिस्टर’सारख्या नात्याच्या जागी ठेवा.

याच्या उलट, ‘पेक्षा’ कुठेच नसताना ‘दॅन’ लागतं अशीही एक जागा आहे, आणि राज्य मंडळाच्या इंग्रजीत वाक्यरूपांतर केलेल्या प्रत्येकाला ती आठवत असेल. ‘नो सूनर’. ‘मी स्टँडवर पोचतो न पोचतो तोच बस सुटली’ : ‘नो सूनर हॅड आय रीच्ड द स्टँड दॅन द बस लेफ्ट’. मराठीत ‘तोच’, म्हणजे वेळेचा शब्द, त्यामुळे हात आपसूक ‘देन’कडे जातो. डावीकडे पाहा म्हणजे गोंधळ संपतो. ‘सूनर’ हे ‘सून’चं तुलनेचं रूप आहे, शब्दशः अर्थ ‘बस सुटली त्याहून लवकर पोचलोच नव्हतो’ असा निघतो. म्हणून ‘दॅन’. आणि ‘हार्डली’ किंवा ‘स्केअर्सली’ने वाक्य सुरू केलं तर तिथे तुलनेचं रूप नाहीच, म्हणून ‘व्हेन’ येतं. या जोड्या मुलं घोकून पाठ करतात आणि परीक्षेत त्यांची अदलाबदल करून ठेवतात. कारण कळलं की घोकायची गरज राहत नाही.

‘अदर दॅन’ म्हणजे शिवाय, सोडून. ‘संडे सोडून कधीही या.’ हेही ‘दॅन’चंच कुटुंब. ‘डिफरंट’नंतर मात्र ‘फ्रॉम’ लिहा. अमेरिकेत ‘डिफरंट दॅन’ चालतं, पण ‘फ्रॉम’ कुठेच चुकीचं ठरत नाही. शेवटी ‘दॅन आय’ की ‘दॅन मी’, हा प्रश्न दर बॅचला येतो. बोलण्यात ‘दॅन मी’ सगळीकडे चालतं. परीक्षेत ‘दॅन आय ॲम’ असं पूर्ण लिहा, म्हणजे वादाला जागा राहत नाही.

लक्षात ठेवायचं ते चंद्रावरून

इंग्रजीत सांगितल्या जाणाऱ्या युक्त्या आपल्या मुलांच्या डोक्यात राहत नाहीत असा माझा अनुभव आहे. देवनागरीतून सांगितलं की राहतं. ‘दॅन’वर चंद्र आहे, तसाच चंद्र ‘कंपॅरिझन’वर आहे. ‘देन’वर मात्रा आहे, तीच मात्रा ‘तेव्हा’वर आहे आणि ‘वेळ’वरही आहे. चंद्र तुलनेचा, मात्रा वेळेची. रोमन लिपीत हवं असेल तर ‘अपेक्षा’ घ्या. आपलं ‘पेक्षा’ त्याच संस्कृत शब्दापासून आलं, आणि रोमनमध्ये त्याचं पहिलं अक्षर ‘ए’, जे ‘दॅन’च्या पोटात आहे.

मोठ्याने वाचूनही तपासता येतं. ‘देन’नंतर क्षणभर थांबता येतं, स्वल्पविराम दिल्यासारखं. ‘दॅन’नंतर थांबलात तर वाक्य तुटल्यासारखं वाटतं. महत्त्वाचा मेल पाठवण्याआधी असा वाचायची सवय मी मुलांना लावते. ज्यांनी ती लावून घेतली त्यांच्या वहीत ही चूक मला क्वचितच दिसते.

हे दोन शब्द इतके सारखे का, असं एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारतोच. कारण मुळात ते एकच होते. जुन्या इंग्रजीत एकच शब्द दोन्ही कामं करत होता. स्पेलिंग पक्की वेगळी झाली ती १७००च्या सुमारास. सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या छापील इंग्रजीत आजच्या ‘दॅन’च्या जागी बिनदिक्कत ‘देन’ छापलेलं सापडतं. तुलनेचा अर्थ आला कसा, तर ‘हा उंच, मग तो’ असं क्रमाने सांगण्यातून, असं व्युत्पत्तीच्या अभ्यासकांचं एक मत आहे. डच भाषेत आजही ‘मग’ आणि ‘पेक्षा’ या दोन्हींना ‘दान’ हा एकच शब्द आहे. पण परीक्षकाला किंवा नोकरी देणाऱ्याला हा इतिहास सांगून मार्क मिळत नाहीत.

हे सोडवून पाहा

रिकाम्या जागी काय येईल ते आधी स्वतः ठरवा, मग खाली पाहा.

‘फर्ग्युसन कॉलेज इज ओल्डर … पुणे युनिव्हर्सिटी.’
‘डेक्कन क्वीन स्टार्टेड इन १९३०, देअर वॉज नो एक्स्प्रेसवे ….’
‘वी क्लाइम्ड सिंहगड अँड … एट पिठलं-भाकरी.’
‘तोरणा इज हायर … सिंहगड.’
‘नो सूनर डिड द रेन स्टॉप … वी लेफ्ट फॉर स्वारगेट.’
‘द मुठा वॉज क्लीनर ….’
‘हर पोस्ट इज सुपीरिअर … माइन.’

पहिल्यात ‘दॅन’ : कॉलेज १८८५चं, विद्यापीठ १९४९चं, विद्यापीठापेक्षा जुनं. दुसऱ्यात ‘देन’, तेव्हा एक्स्प्रेसवे नव्हता. तिसऱ्यात ‘देन’ : चढलो आणि मग खाल्लं. चौथ्यात ‘दॅन’. पाचव्यात ‘सूनर’मुळे ‘दॅन’. सहाव्यात डावीकडे ‘क्लीनर’ असलं तरी उजवीकडे काही नाही, म्हणून ‘देन’. पण त्याच वाक्याला पुढे ‘इट इज नाऊ’ जोडलंत तर लगेच ‘दॅन’ होईल, कारण मुठेला तिचाच आजचा प्रतिस्पर्धी मिळाला. सातव्यात दोन्ही नाहीत; शेवट ‘आय-ओ-आर’ आहे, तिथे ‘टू’.